चार इंच उंच

रेश्मा धादवड गाडी चालवायला शिकली तेव्हा तिचं वय एकोणतीस होतं. तिच्या नवऱ्याला, सहादेवला, एका डोळ्यानं दिसत नाही. लहानपणी करवंदीच्या जाळीत शिरताना काटा घुसला होता. त्यामुळं घरात गाडी आली तर चालवायची कुणी, हा प्रश्न पडायच्या आधीच सुटलेला होता. रेश्माच्या भावानं तिला भंडारदरा धरणाच्या काठी, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या सपाटीवर तीन आठवडे शिकवलं. अकोल्याला परवान्याची परीक्षा द्यायला गेली तेव्हा रांगेत ती एकटीच बाई होती. ही गोष्ट ती स्वतःहून कधी सांगत नाही.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. राजूरच्या एका दूधवाल्याकडून घेतलेली. घेतली मधमाश्यांसाठी.

रेश्माचे वडील ढोलीतला मध काढायचे. धूर करायचे, पोळं कापायचे, माश्या उडून जायच्या. रेश्मा पुढं एका शिबिरात पेटीतली माशी पाळायला शिकली. डोंगरातली सातेरी माशी लहान, चपळ आणि जरा रुसकी. जागा आवडली नाही की पेटी सोडून निघून जाते. तिला धरून ठेवायचं कसब रेश्माच्या हातात होतं. दोन पेट्यांच्या सहा वर्षांत अठ्ठावीस झाल्या. पण फेब्रुवारीत डोंगरावरचा फुलोरा कमी होतो, आणि नेमकं तेव्हाच खाली शेवगावकडं बियाण्याचा कांदा फुलतो. कांद्याच्या दांड्यांवर पांढरे गोंडे येतात, डेंगळे म्हणतात त्यांना, आणि माशी फिरली नाही तर त्या गोंड्यात बी भरत नाही. शेवगावचे रंभाजी काकडे दोन एकरांत बियाण्याचा कांदा करत. त्यांना माशी हवी होती, रेश्माच्या माशीला फूल हवं होतं. असं ते जमलं. पेट्यांना दिवस मावळल्यावर जाळी लावायची, भरायच्या, आणि उजाडायच्या आत शेवगाव गाठायचं. पहिले दोन हंगाम बरे गेले. दर खेपेला दोन-तीन पेट्यांतली पोळी तुटायची. तेवढं व्हायचंच, असं ती धरून चालली होती.

अडचण घराजवळच होती. डांबरी रस्ता संपला की तिच्या अंगणापर्यंत दीड किलोमीटर वाट आहे आणि मध्ये ओढा आहे. ओढ्याच्या तळाचा खडक एका ठिकाणी वर आलेला आहे. तो सुटा दगड नाही, की पहार लावली आणि काढला. दर पावसाळ्यात भोवतीची वाळू वाहून तो आणखी उघडा पडत होता. तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्या खडकावर गाडीचं पोट आपटलं आणि इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर फुटला. काळं तेल ओढ्याच्या पाण्यावर पसरत गेलं. सहादेवनं बैल लावून गाडी घरापर्यंत ओढली.

चेंबर बदलून झाल्यावर रेश्मानं ठरवलं की गाडी उंच करायची. महामार्गावर एका दुकानात पिकअपा उंच करून देतात, असं राजूरच्या ड्रायव्हर लोकांनी सांगितलं होतं. दुकानात भिंतीवर मोठ्या चाकांच्या गाड्यांची चित्रं होती. दुकानदारानं मोबाईलवर एक गाडी नदीतून जाताना दाखवली आणि विचारलं, "किती उंच करायची? दोन, तीन, चार?"

"खडक लागला न्हाई पायजे," रेश्मा म्हणाली.

"मग चार. आणि पाटे पण वाढवू. शॉकअप गॅसचे टाकू, कडक. पुन्हा बघायलाच नको."

गाडीत काय भरता, हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत गाडी चार इंच वर गेली. मागच्या पाट्यांखाली, म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांखाली, लोखंडी ठोकळे बसले, दोन जाड पाटे जास्तीचे आले, चारही चाकांना नवे लाल शॉकअप लागले. गावात गाडी आली तेव्हा लोक बघायला जमले. ओढ्यातल्या खडकावरून ती अलगद गेली. सहादेवनं वाकून खालून पाहिलं आणि मान हलवली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अठ्ठावीस पेट्या भरल्या. संगमनेरच्या अलीकडं सहादेव एकदा म्हणाला, "लई उडतीय गाडी."

"नवी हाय अजून. बसंल हळूहळू," रेश्मा म्हणाली. स्टिअरिंगवरही तिला धक्के जाणवत होते. तिनं वेग कमी केला. त्यापलीकडं करण्यासारखं काही नव्हतं.

रंभाजींच्या शेताच्या बांधावर पेट्या उतरवल्या तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. पहिल्या पेटीची जाळी काढली, माश्या बाहेर आल्या. दुसरीतून आल्या. तिसरीच्या फटीतून मध गळत होता. रेश्मानं झाकण उघडलं. चौकटीतली पोळी तुटून एकमेकांवर पडली होती आणि त्यांच्या मध्ये माश्या मधात बुडून चिकटल्या होत्या. काही अजून पाय हलवत होत्या. तिनं झाकण बाजूला ठेवलं आणि पुढची पेटी उघडली.

अकरा पेट्यांची ही गत झाली होती. त्यातल्या सात पेट्यांत राणी माशी मेलेली सापडली. रेश्मानं अकराही पेट्या एका रांगेत मांडल्या. तुटलेली पोळी सुरीनं काढून घमेल्यात टाकली, चौकटी धुतल्या, जिवंत माश्या हातानं उचलून चांगल्या पेट्यांच्या दारात सोडल्या. काहींना दुसऱ्या पेटीतल्या माश्यांनी आत घेतलं, काहींना घेतलं नाही. दुपारपर्यंत ती हेच करत होती. सहादेव पाणी आणून देत होता.

रंभाजी दहाच्या सुमारास आले. साठीचा माणूस, मोजकं बोलणारा.

"सतराच पेट्या चालतील या वर्षी," रेश्मानं सांगितलं. "अकरा गेल्या. तुमच्या रानाला कमी पडंल, आबा. दुसरं कोन मिळत असंल तर बघा, मी वाईट मानायची न्हाई."

रंभाजींनी घमेल्यात पाहिलं. मग गाडीकडं पाहिलं. "गेल्या साली गाडी एवढी उंच नव्हती."

"नव्हती."

"कारभारी साळवेला दाखव. पाटेवाला हाय. पाथर्डी रोडला, पत्र्याचं शेड. आधी बैलगाडीची कामं करायचा."

कारभारी साळवे यांचं शेड रस्त्याच्या खाली उतरून होतं. आत एक भट्टी, एक ऐरण, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले शेकडो जुने पाटे. कारभारी पासष्टीच्या पुढचे होते. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून ते उभे राहून काम करत आणि बसायची वेळ आली की कुरकुरत. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "काय भरता?"

"मधमाश्या, मामा."

कारभारी थांबले. "किती वजन?"

"एक पेटी बारा किलो धरा. अठ्ठावीस पेट्या."

"साडेतीनशे पण न्हाई. आन हे पाटे दीड टनाचे." त्यांनी जास्तीच्या पाट्यांवर हातोडीनं टकटक केलं. "साडेतीनशे किलोला हा पाटा वाकतच न्हाई, ताई. पाटा वाकला न्हाई की रस्त्याचा धक्का सरळ वर जातो. उंच झाली गाडी, पर आतनं दगड झाली."

"शॉकअप नवे हायत की."

"शॉकअप वजन उचलत न्हाई. उचलतो पाटा. शॉकअप फक्त पाट्याला उड्या मारू देत न्हाई. अन हे लई कडक हायत. रिकाम्या गाडीला तर मुळीच न्हाई पायजेत."

त्यांनी सहादेवला स्टीलचा पेला भरून पाणी आणायला सांगितलं. मग गुडघे धरत, दोघांच्या आधारानं, गाडीच्या मागच्या हौद्यात चढले आणि पेला समोर ठेवून बसले. "चालव. खड्डे चुकवू नको."

रेश्मानं पाथर्डी रोडला दोन किलोमीटर जाऊन गाडी वळवून आणली. परत आल्यावर पेल्यात तळाला बोटभर पाणी होतं आणि कारभारींचं धोतर भिजलं होतं. त्यांनी पेला तिला दाखवला.

उंची कमी करायला मात्र रेश्मा तयार नव्हती. चार इंच राहू द्या, खडक लई वर आलाय, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

"किती वर?"

तिनं हातानं दाखवलं. मग हात थोडा खाली घेतला. मग म्हणाली, "मोजला न्हाई."

तिनं घरी फोन लावला. सासू मुक्ताबाई घरी होत्या. त्यांना ओढ्यावर जाऊन खडक मोजायला सांगितलं. अर्ध्या तासानं मुक्ताबाईंचा फोन आला. चाकं जातात तिथून खडकाचा माथा एक वीत आणि वर एक बोट, असं त्यांनी मोजलं होतं. दोनदा मोजलं होतं.

"सासूची वीत केवढी?" कारभारींनी विचारलं.

"माझ्यापेक्षा लहान."

त्यांनी टेप काढला. रेश्माची वीत आठ इंच भरली. सासूची साडेसात धरली, बोटाचे पाऊण इंच, झाले सव्वाआठ. गाडी कंपनीतून आली तेव्हा चेंबरखाली साडेसात इंच जागा होती. "पाऊण इंचासाठी तू गाडी चार इंच चढवलीस," कारभारी म्हणाले. "दोन इंच बास. तरी सवा इंच मोकळं राहतं."

मग निवडीची पाळी आली. कारभारींनी गोणपाटावर शॉकअपच्या तीन जोड्या मांडल्या आणि रेश्माला एकेक उभा धरून सगळा जोर लावून दाबायला सांगितलं. तिच्या गाडीचा लाल शॉकअप जेमतेम दबला आणि हात काढताच सटकन वर आला. दुसरा, जुन्या पद्धतीचा तेलाचा, सहज दबला आणि इतका सावकाश वर आला की ती बघतच राहिली. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो."

"तो न्हाई. वळणावर गाडी डुलेल अन पेट्या एका अंगाला जातील. उंच गाडी तर जास्तच डुलते." त्यांनी तिसरा पुढं केला. तोही तेलाचा, पण थोडा घट्ट, आणि वाढलेल्या दोन इंचांना पुरेल इतका लांब. रेश्मानं तो चार वेळा दाबून पाहिला.

"आन पाटे?"

"जास्तीचे दोन्ही काढायचे. कंपनीच्यातला पण एक जाड काढतो, त्याच्या जागी पातळ घालतो. उरलेल्यांना भट्टीत कमान देतो, त्यातच दोन इंच निघतील, ठोकळे नकोत. पुढून बी दोन इंच जुळवून देतो. पर एक ऐक. मग ह्या गाडीत भाताची पोती घालायची न्हाईत."

दिवाळीनंतर रेश्मा गावातल्या लोकांचं भात राजूरला पोचवते. वर्षातले आठ महिने गाडी त्याच्यावर आणि किराण्याच्या फेऱ्यांवर चालते. माश्यांचं काम दोन महिन्यांचं.

सहादेव इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "पेट्या कमी करू. भात सोडता येनार न्हाई."

"सतरा उरल्यात. अजून किती कमी करायच्या?"

दोघं शेडबाहेर जाऊन उभे राहिले. ट्रक जात होते. थोड्या वेळानं रेश्मा आत आली आणि कारभारींना म्हणाली, "जाड पाटे मला काढता-घालता आले तर?"

कारभारींनी तिच्याकडं, मग तिच्या हातांकडं पाहिलं. माश्यांच्या डंखांनी ते ठिकठिकाणी सुजलेले होते. "येतील. जॅक पायजे, गाडी टेकवायला घोडी पायजे, अन कोनीतरी पलीकडनं धरायला पायजे. पाटा निसटला तर बोट जातं. शिकणार असशील तर दोन दिवस थांब."

रेश्मा आणि सहादेव दोन दिवस रंभाजींच्या शेतातल्या खोलीत राहिले. मागच्या एका बाजूचे पाटे कारभारींनी करून दाखवले, दुसऱ्या बाजूचे रेश्माकडून करून घेतले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून ते उभ्यानं काठीनं दाखवत: हा बोल्ट आधी, तो मागनं, हात तिथं न्हाई. त्यांचं बोलणं गोड नव्हतं. तिनं उलटा बसवलेला एक पाटा त्यांनी पूर्ण सोडवायला लावला. जाताना काढलेले पाटे ग्रीस लावून गोणपाटात बांधून दिले. लाल शॉकअप ठेवून घेतले. ट्रकवाल्या कुणाला तरी उपयोगी पडतील म्हणाले.

मार्चच्या शेवटी सतरा पेट्या परत डोंगरावर आल्या. दोन पोळी तुटली होती, दोन्ही एकाच पेटीतली. ओढ्यातल्या खडकाला गाडी लागली नाही. रंभाजींचं बियाणं पेट्यांजवळच्या अर्ध्या रानात चांगलं भरलं, लांबच्या टोकाला विरळ राहिलं. त्यांनी ते फोनवर जसं होतं तसं सांगितलं आणि पुढच्या वर्षी यायला सांगितलं.

दिवाळीनंतर रेश्मानं पहिल्यांदा एकटीनं जाड पाटे चढवले. एकटीनं म्हणजे, पलीकडून सहादेव धरत होता आणि मुक्ताबाई अंगणात बसून बघत होत्या. अख्खा दिवस गेला, डाव्या हाताचं एक नख काळं पडून पुढं गळून गेलं. जानेवारीअखेर उतरवताना अर्धा दिवस लागला. आता दुपारच्या जेवणाआधी होतं. राजूरचे दोन पिकअपवाले पाटे बदलायचे झाले की तिच्याकडं येतात. एकानं तिला गाडी उंच करून द्यायला सांगितली होती. त्याच्या टायरमध्ये हवाच कमी होती आणि रस्त्यात वर आलेला खडक नव्हता, म्हणून तिनं नको सांगितलं. त्यानं दुसरीकडून करून घेतली.

यंदा पेट्या एकेचाळीस झाल्यात. गाडीत एकावर एक न ठेवता चौतीस बसतात, आणि एकावर एक ठेवायला रेश्मा तयार नाही. उरलेल्या सात मुक्ताबाई सांभाळतात. त्यांना जाळीची टोपी घालायचा कंटाळा आहे. शेवगावची दुसरी खेप करायची का, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.