पाचचं जेवण

येरवड्याहून सुटलो तेव्हा एका संस्थेच्या ताईंनी हातात चिठ्ठी दिली. नारायण पेठेतल्या एका खानावळीत ती दाखवायची, काम मिळेपर्यंत दोन वेळचं जेवण मिळेल. गाव माझं पार चंद्रपूरकडं, तिथं लगेच तोंड दाखवायची हिंमत नव्हती. शाळा सातवीतच सुटलेली, तरी चिठ्ठी अक्षर अक्षर लावून वाचली. पहिल्याच ओळीत होतं, ‘सुटका झालेले बंदी’. घडी करून आतल्या खिशात टाकली. ही ओळ वाचून मला कोण पानावर बसू देईल?

म्हणून साधं गिऱ्हाईक होऊन गेलो. खानावळवाल्या काकू साठीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. जेवण आहे का विचारलं, तर त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं.

“अहो, पाच वाजलेत. आमचा गॅससुद्धा अजून झोपलाय. साडेसातला या.”

अहो! किती वर्षांनी कुणी मला अहो म्हणालं होतं. मी पायरीवरच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला. तिसऱ्याही. मुद्दाम नव्हे. आत संध्याकाळचं जेवण पाचच्या सुमारास वाटायचे, मग बरॅक बंद. पोटाला तेच घड्याळ लागलेलं. पाच वाजत आले की पाय आपसूक तिकडे वळायचे.

दिवसातून एकदाच जेवायचो. सकाळी पाणी पिऊन हडपसरच्या बाजूला काम शोधत हिंडायचं. आठव्या दिवशी जवळचे पैसे संपले. आता चिठ्ठी काढायची, नाहीतर उपाशी झोपायचं. पायरीवर बसून खिसा चाचपत होतो, तेवढ्यात काकू मेथीची जुडी घेऊन आल्या आणि शेजारीच बसल्या.

“पाचला जेवणारी माणसं दोनच ठिकाणची. एक दवाखान्यातली. तुम्ही आजारी तर दिसत नाही.”

आता ऊठ म्हणतील, असंच वाटलं.

“तिकडून आलेले तुम्ही पहिले नाही. सगळे पाचलाच उगवतात. चिठ्ठी असेल ना? द्या की. खिशात काय उबवताय?”

दिली. घामानं घडी चिकटली होती. त्यांनी चष्मा खाली ओढला, सगळं वाचलं, आणि आत जाऊन भिंतीवरच्या तारेला खोचली. तारेला तसल्या बऱ्याच चिठ्ठ्या होत्या.

“आठ दिवस पैसे मोजून जेवलात? धन्य आहे तुमची.” त्यांनी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. “आणि साडेसातच्या आधी जेवण नाही म्हणजे नाही. पाचला यायचंच असेल तर भाजी निवडायची.”

थोड्या वेळानं त्या परत आल्या. हातात तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी.

“हे जेवण नव्हे,” त्या म्हणाल्या. “आणि देठं नीट काढा.”