रुखवतातली सांडशी

आत्याबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नालवाडीला लेकीकडे होते. नातवाचं बारसं नुकतंच झालं होतं, घरात अजून घुगऱ्यांचा वास होता. जावयांनी फोन ठेवला आणि नुसतेच माझ्याकडे बघत उभे राहिले. मी समजले. ऐंशी कधीच ओलांडलेली, झोपेतच गेल्या, कुणाला ताप दिला नाही... लेकीच्या शेजारणी म्हणाल्या, सोनं झालं. मलाही तेच वाटत होतं. पण आर्वीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि मनात एकच गोष्ट घोळायला लागली, की काल दिवेलागणीला त्यांचे हात कुणी पाहिले असतील का?

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नात्याने आत्या असो वा नसो, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. रोज दिवा लावला की त्या माझ्यापुढे दोन्ही हात धरायच्या, मी ते उलटेपालटे करून पाहायचे, आणि मग आम्ही कामाला लागायचो. चाळीस वर्षांवर हा नेम चालला. का, ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. "मी मेल्यावर सांगजो लोकाईले," त्या म्हणत. "आता सांगशीन त चहा प्याले कोणी येणार नाई घरी." तेव्हा हे लिहिते आहे ते त्यांच्या परवानगीनेच.

मी लग्न होऊन आर्वीजवळच्या त्या गावात आले ते एकोणीसशे पन्नासनंतरच्या दोनचार वर्षांत. माझ्या आईने रुखवतात भांड्यांबरोबर एक लोखंडी सांडशी ठेवली होती, आमच्याकडच्या लोहाराने केलेली, जड आणि लांब दांड्यांची. रुखवत पाहायला बायका जमल्या. आत्याबाईंनी सांडशी उचलली, वाजवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे कायले वं धाडलं तुह्या मायनं? आमच्या घरच्या बायकाईले हात हायेत." बायका खो खो हसल्या. सांडशी चुलीमागच्या खिळ्याला टांगली गेली ती तिथेच राहिली, आणि माझी जी काय किंमत व्हायची ती पहिल्याच दिवशी झाली.

आत्याबाईंच्या हाताची ख्याती साऱ्या गावात होती. निखाऱ्यावर फुगलेली भाकर त्या उजव्या हाताच्या बोटांनी उचलत. उकळत्या वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, कडेला धरून सरळ खाली उतरवत, फडकं नाही की पदर नाही. लग्नाकार्यात स्वयंपाकाला त्यांना मुद्दाम बोलावणं यायचं आणि पोरंटोरं ते बघायला चुलीशी गोळा व्हायची. मी मात्र भाकरीला हात लावला की "आई गं" करून बोटं कानाच्या पाळीला लावायची. "पाह्यजा, आली महाराणी," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं, पण चिमटा असायचा आणि तो चांगला लागायचा.

पहिल्या वर्षातच माझ्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. रुपयाएवढा, कडेने जरा खरखरीत. मी पदराखाली झाकत होते, पण विहिरीवर कुणाच्या तरी नजरेस पडलाच. त्या दिवसांत आमच्या भागात रगतपितीची, म्हणजे कुष्ठरोगाची फार धास्ती होती. कुणाच्या अंगावर पांढुरका डाग दिसला की त्याचं पाणी वेगळं, ताट वेगळं, आणि पुढे माणूसच वेगळा. आत्याबाईंनी माझा दंड उन्हात धरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी चट्ट्यावर बिब्बा घातला. बिब्ब्याच्या तेलाने कातडी काय भाजते ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल. फोड आले, फुटले, दंड काळाठिक्कर पडला. त्यानंतर त्या गोड आवाजात म्हणाल्या, "काही दिवस मायेरी जाऊन येतं का?" तो गोडवाच मला जास्त झोंबला. नवऱ्यानेही खाली मान घातली. मी काही दिवसांसाठी जाणार नव्हते, कायमची जाणार होते, हे न सांगता कळत होतं.

मामंजी म्हणजे सासरे, ते कमी बोलणारे. त्यांनी एवढंच म्हटलं की आधी डॉक्टरले दाखवू. वर्ध्याकडून एक डॉक्टर दर बाजाराच्या दिवशी आमच्याकडे यायचे आणि शाळेच्या ओट्यावर बसून अंगावरचे डाग तपासायचे. उंच, सडपातळ, घाईने कधीही न बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझा दंड पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बिब्बा कोणी घातला?" मी पदर दंडावर ओढला. ते म्हणाले, "बाळ, या रोगात डाग बधिर होतो. कापूस फिरवला तरी कळत नाही. पण आता बिब्ब्याच्या भाजण्यानेच तुझी कातडी बधिर झालीय. मी कापूस फिरवून काय ओळखू? जखम भरू दे. तोवर मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही." मामंजींना हे पटलं नाही. डॉक्टर असून सांगता कसं येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज वाटतं, त्या माणसाने त्या दिवशी लोकांना हवा होता म्हणून एखादा शब्द टाकला असता तर माझा संसार तिथेच आटोपला असता.

जखम भरून खपली पडली तेव्हा डॉक्टर स्वतःच घरी आले. त्यांनी भर उन्हात मला अंगणात धुणं बडवायला लावलं. मी घामाने निथळले. मग त्यांनी माझा दंड हातात घेऊन नीट निरखला. खरा रोगाचा डाग असता तर तेवढी जागा कोरडी राहिली असती म्हणे. माझ्या डागाच्या कडेने, जिथे बिब्बा पोचला नव्हता तिथे, घामाचे थेंब स्वच्छ उभे होते. तिथे कापूसही मला लगेच कळला. "शिबं आहे," ते हसून म्हणाले. "साबण लाव, गंधकाचं मलम देतो, जाईल." मी ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिले आणि रडले. लाजबीज काही वाटली नाही.

आत्याबाईंनाही हायसं वाटलं असणार. त्यांनी उत्साहाने चहा टाकला. डॉक्टर दाराशी बसले होते, तिथून चूल दिसत होती. चहाला उकळी आली तसा आत्याबाईंनी गंज नेहमीसारखा उघड्या हाताने धरून उतरवला, कपात चहा ओतला, गंज परत चुलीवर ठेवला. डॉक्टरांचा हसरा चेहरा बदलला. कप तसाच खाली ठेवून ते म्हणाले, "बाई, हात दाखवा बरं."

"माहा हात?" आत्याबाई फुशारकीने पुढे आल्या. "पाहा नं. साऱ्या गावात असा हात नाई." अंगठ्याखाली पाण्याने भरलेला टपोरा फोड होता, आताचाच की सकाळचा, त्यांना पत्ता नव्हता. करंगळी जराशी वाकलेली होती, ती उखळात सापडून तशी झाली असं त्या सांगत. डॉक्टरांनी त्यांना बसवलं, डोळे मिटायला सांगितले. "कापूस लागला की बोट ठेवून दाखवायचं." खोलीत आमच्याच शेताचा कापूस पडलेला होता, त्यातला एक पिळा त्यांनी घेतला. आम्ही सगळे भोवती उभे. डॉक्टरांनी कापूस तळहातावर टेकवला, करंगळीवरून फिरवला, मनगटाच्या बाजूला नेला. आत्याबाई डोळे मिटून प्रसन्न बसलेल्या. कापूस तळहातावरून दुसऱ्यांदा फिरत होता आणि त्या म्हणाल्या,

"लावा नं डॉक्टरसाहेब. काऊन थांबून राह्यले?"

मामंजी भिंतीकडे वळले. त्यांच्या पावलांचा आवाज आत्याबाईंना जाणवला असावा. त्यांनी डोळे उघडले आणि आपल्या तळहातावरचा कापूस पाहिला... तो चेहरा मी अजून विसरले नाही.

डॉक्टरांनी त्यांचं कोपर चाचपलं. तिथली शीर सुतळीसारखी जाड लागत होती, मलाही बोट लावून दाखवली. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचेवर काही घेतलं आणि वर्ध्याला नेलं. पुढच्या बाजाराला सांगितलं की काचेवर जंतू दिसले नाहीत. मामंजी उसळले. "काचेत काई नाई, मंग गोळ्या काऊन?" डॉक्टर शांतपणे म्हणाले की या प्रकारात काचेवर बहुतेक काही सापडत नाही, काच खोटी नाही आणि हातही खोटा नाही. यांच्यापासून घरात कुणाला भीती जवळजवळ नाही. पण गोळ्या काही वर्षं घ्याव्या लागतील, आणि गरम भांड्याला यापुढे उघडा हात लावायचा नाही, कारण जंतू मेले तरी गेलेली संवेदना परत येईल असं वचन मी देत नाही.

आत्याबाईंनी एवढंच ऐकलं की रोग आहे. त्यांनी स्वतःच आपलं अंथरूण गुंडाळलं आणि गोठ्यात नेऊन टाकलं. "मी आता चुलीपाशी येत नाई." कोणी अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मलाही वाटलं, बघा आता. पण ते वाटणं भाकरी थापेपर्यंतच टिकलं. माझ्या भाकरी म्हणजे एकेक नकाशा. काठ फाटलेले, मधे कच्च्या. मामंजी घास चावत राहायचे, नवरा पाण्यावर पाणी प्यायचा. गोठ्यातून आत्याबाईंना माझं थापणं ऐकू यायचं. बायकांना ते आवाजावरून कळतं. अखेर एका सकाळी त्या ताडताड आत आल्या. "अवं, पीठ मारून राह्यली का त्याले? सरक तिकडे!"

मी सरकले. त्या परातीपुढे बसल्या, हात पिठापर्यंत गेला आणि थांबला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माह्या हातची खाशीन का तू?"

बिब्ब्याचा दंड माझाच होता, माहेरची वाट मलाच दाखवली होती. पण त्या क्षणी ते काही आठवलं नाही. मला भूक लागली होती आणि ती माझ्या भाकरीने भागत नव्हती. "खाईन," मी म्हटलं, "पण तुमी हिनं उचलसान तर." आणि खिळ्यावरची सांडशी काढून त्यांच्या मांडीशी ठेवली. त्यांनी तिच्याकडे शत्रूकडे पाहावं तसं पाहिलं. मग भाकर थापली, निखाऱ्यावर टाकली, आणि सांडशीने उचलताना फाडली. "पाहाय, तुह्या मायनं धाडलेली," असं पुटपुटल्या. ती फाटकी भाकर मी तिथेच तिखट आणि तेलाशी खाल्ली. अंथरूण संध्याकाळी मीच परत आत आणलं.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. काही महिन्यांनी त्यांचं कोपर इतकं ठणकायला लागलं की हात उचलेना. गावात जो तो सांगू लागला, गोळ्यांनीच केलं. डॉक्टरांनी गोळ्या काही दिवस थांबवल्या, हात गळ्यात बांधून ठेवला, मग अगदी थोड्या मापाने पुन्हा सुरू केल्या. असं होतं कधी, औषध लागू पडतानाही, असं ते म्हणाले, आणि पुढे, "मलाही यातलं सगळं समजलेलं नाही." आत्याबाईंचा विश्वास बसला तो या वाक्यावर. "सारं समजते म्हणणाऱ्यानं बिब्बा घातला अस्ता," असं म्हणून त्यांनी माझ्या दंडाकडे पाहिलं. माफी मागण्याची त्यांची तीच रीत. तो काळा डाग माझ्या दंडावर अजून आहे. मला त्याचा राग उरलेला नाही.

गोळ्या संपल्या, रोग गेला. बोटं सगळी शाबूत राहिली, करंगळी होती तेवढीच वाकडी. स्पर्श मात्र परत आला नाही. जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहायचं म्हणून संध्याकाळचा नेम सुरू झाला. मी हात पाहून म्हणायची, "साफ हाय." त्या म्हणायच्या, "चला मंग." आणि घरात कुणाला चटका बसून कुणी ओरडलं, की आत्याबाई आधी समाधानाने म्हणायच्या, "लागलं का? बरं हाय." मग लोणी आणायला उठायच्या. पोरांना या "बरं हाय"चा भारी राग यायचा.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यांना अंगणात आणलं होतं. माझ्या सुनेने, न विचारताच, कानाशी येऊन सांगितलं, "काल मी पाह्यले हात. साफ होते." मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

काल सकाळी चहा उतरवायला मी खिळ्याकडे हात नेला. चूल जाऊन गॅस आला, खिळा तोच आहे. सांडशी काढवेना. तिच्या एका दांड्यावर आत्याबाईंनी चटका लागू नये म्हणून बांधलेली चिंधी अजून गुंडाळलेली आहे. पदरानेच गंज धरला, पदर निसटला, आणि असा सणसणीत चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. सून धावत आली. माझी बोटं नळाखाली धरत तिने विचारलं, "लागलं का?"

"लागलं वं, चांगलंच लागलं."

"बरं हाय," ती म्हणाली. मग तिने सांडशी खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली.