पंचाखालचा भाव

आमच्या हिचे काका नवी वस्तू बघून खूश झालेले आजवर त्रिभुवनात कुणी पाहिलेले नाहीत. नवी वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी उद्या स्वस्त होणारी वस्तू. घरात फ्रीज आला की बाकीची मंडळी हळदकुंकू शोधायला धावतात आणि काका त्याच्याभोवती एक फेरी मारून सांगतात, "उंबरठा वलांडला ना, तिसरा हिस्सा गेला." एका लग्नात नवरदेवाच्या कोटाचं कापड बोटांत धरून "मांडवाच्या भाईर निम्म्यात" असं त्यांनी खुद्द नवरदेवालाच ऐकवलं होतं. जावयाचाही उतरता भाव त्यांनी बसवलेला आहे. पहिल्या दिवाळीला अंगठी, दुसरीला शर्टपीस, तिसरीला टॉवेल-टोपी, आणि त्यानंतर "जावईबापू, आलाच हाव तर जरा वरची कौलं बघा." माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मी दर दिवाळीला कौलं बघतो.

काकांनी उभा जन्म बैलांची दलाली केली. म्हसा गावच्या जत्रेत काकांनी दात बघितल्याशिवाय शहापूर-मुरबाडकडचा शेतकरी पैशाला हात घालत नसे. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि मुरबाडच्या रस्त्याला मुंबईकरांची फार्महाऊस उभी राहिली. त्यांच्या फाटकांतून अशा गाड्या आत-बाहेर करू लागल्या की ज्यांत दोनच माणसं मावतात आणि तीही निम्मी आडवी होऊन बसतात. काकांना गाडी चालवता येत नाही. पण डोळा रिकामा कसा ठेवणार? तो त्यांनी बैलांवरून उचलला आणि या गाड्यांवर नेऊन ठेवला. सगळे वॉचमन ओळखीचे असल्यामुळे त्यांना कुठेही मज्जाव नसतो. गाडीपाशी गेले की आधी टायर बघायचे, कारण जनावराचा खूर आधी बघावा. मग बोनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचे. आणि मग गाडी सोडून मालकाकडे बराच वेळ बघत राहायचं. "मालक लय गुण गायला लागला का आपण चपला घालाव्या," ते मला म्हणाले होते. "जो गाडीकडं बघतच नाय, त्याची गाडी चांगली. त्याला बघवत नाय म्हणून तो बघत नाय."

फोन आल्यापासून तर त्यांना जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचा नादच लागला. पुण्याच्या कुणाच्या तरी एका लाल गाडीवर त्यांचा विशेष जीव. मी शहापूरला शाळेत शिकवतो. नेमका पहिल्या तासाला त्यांचा फोन यायचा, "अजून पन्नास हजारानं उतरली बिचारी." आवाज असा, की नात्यातलं कुणीतरी दवाखान्यात आहे. अखेर ती विकली गेली त्या दिवशी "सुटली" एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मलाही, का कोण जाणे, हलकं वाटलं.

अशा माणसाच्या सख्ख्या पुतण्याने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, मंगेशने, दोन वर्षांपूर्वी पिवळ्याजर्द रंगाची सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. सासऱ्यांची किन्हवलीकडची जमीन मोठ्या रस्त्यात गेली होती. त्या भरपाईच्या पैशातला मंगेशचा वाटा त्याने कुणालाही न विचारता या गाडीत घातला. पंचवीस लाख. गाडी दिसायला देखणी, पण जमिनीपासून चार बोटं वर. सापगावपासून घरापर्यंतच्या प्रत्येक गतिरोधकाने तिच्या पोटाचा प्रसाद घेतला. सासरे ओट्यावर बसून गाडी अंगणात शिरताना बघत होते. ते उठले, आत गेले आणि त्या दिवसापासून मंगेशशी बोलेनासे झाले. पानावर हवं-नको तेसुद्धा सासूबाईंमार्फत विचारायचं. एका घरात, एका ओट्यावर, दोन वर्षं.

मंगेशची हौस सहा महिन्यांत फिटली, पण विकायची म्हटली तर गाडीला भाव येईना. एकदा मुंबईचे दोन व्यापारी आले. त्यांनी अंगणात, अर्ध्या गावासमोर, खणखणीत आवाजात सांगितलं, "नऊ. त्यात खालून घासलीय." पंचवीसची गाडी नऊला मागितली हे दुपारपर्यंत गावभर झालं. मंगेश चहाला गेला की पोरं म्हणत, "या नऊलाखे, बसा." मग त्याने चहाला जाणं सोडलं. भिवंडीला गोदामात नोकरी धरून गाव सोडायची भाषा करू लागला. सासूबाई डोळ्याला पदर लावून बसत.

व्यापारी आले त्या दिवशी काका नेमके मुरबाडला कुणाची तरी गाडी बघायला गेले होते. ही गोष्ट त्यांना फार लागली. ते आले, पिवळ्या गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, आत वाकून गिअरच्या दांड्याला हात लावला आणि म्हणाले, "एक वरीस थांब. हातानं गिअर टाकायची ही गाडी कंपनीनं बंद केली. हौसेच्या जनावराला दोन गिऱ्हाईकं. एक म्हनतो मला कोरी पायजे, दुसरा म्हनतो आता अशी होत नाय. मधल्या काळात कुत्रं इचारत नाय. आपण मधल्या काळात हाव." वर्षभर गाडी गोठ्यात उभी राहिली. काका रोज सकाळी येऊन ती चालू करवत. पॉलिश मात्र लावू दिलं नाही, कारण शिंगं रंगवणारा वय लपवतो.

वर्षाने त्यांनी त्या फोनमधूनच गिऱ्हाईक शोधलं. नाशिकचे एक डॉक्टर होते. ते एका रविवारी सकाळी आले तेव्हा अख्खं गाव अंगणात हजर होतं. काकांनी आधी गाडीचे दोष दाखवले. "हा ओरखडा सापगावच्या गतिरोधकाचा. हा किन्हवलीचा. हा आमच्या म्हशीचा." डॉक्टर हसत हसत आत बसले, एक चक्कर मारून आले आणि उतरल्यावर गाडीकडे न बघता काकांकडे बघू लागले. गाडी त्यांच्या मनात भरली हे मलासुद्धा कळलं. भावाची वेळ आली तसा काकांनी खांद्यावरचा पंचा काढला, आपल्या हातावर पसरला आणि डॉक्टरांना म्हणाले, "हात घाला खाली." जत्रेत बैलाचा भाव असाच, कापडाखाली बोटं धरून होतो. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काका, आता कोन पंचा घेतं? तोंडानं बोला की."

काका वळले. मी त्यांना इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं. "भाव उतरला का मालकाचं तोंड उतरतं," ते म्हणाले. "ते चारचौघांत उतरू नये म्हनून पंचा असतो."

बोटांची खूण त्यांनी डॉक्टरांना कानात समजावली. पंचाखाली हात हलू लागले. डॉक्टर घामाघूम झाले, काका आभाळाकडे बघत राहिले. दोनदा डॉक्टरांनी मान हलवली, एकदा काकांनी. मग त्यांनी मंगेशचा हात ओढून पंचाखाली घेतला आणि विचारलं, "दिली?" मंगेशने एकदम मान वर केली. कित्येक महिन्यांनी तो गर्दीकडे सरळ बघत होता. म्हणाला, "दिली."

मग जे झालं ते काकांच्या सगळ्या सिद्धान्तांना सुरुंग लावणारं होतं. आकडा कुणालाच माहीत नव्हता, त्यामुळे तो वाढत सुटला. चहा होईपर्यंत कुंपणापाशी गाडी चौदाला गेली होती. कागदांवर सह्या होईतो देवळापाशी अठरा झाले. आटगाव स्टेशनवरून कुणीतरी मंगेशला अभिनंदनाचा फोन केला तेव्हा तिने पंचवीस ओलांडले होते. विकून झाल्यावर जिचा भाव चढला अशी साऱ्या तालुक्यातली ती एकमेव गाडी. चहाला चिडवणारी ती पोरं येऊन म्हणाली, "मंगेशशेठ, आमाला पन एक बघा ना अशी."

सासूबाईंनी चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. डॉक्टर आत बसणार, तेवढ्यात काकांनी बोनेटवर हात ठेवला. "दोन मिन्टं थांबा डॉक्टर. दावणीतून जनावर जायच्या आधी घरधनी त्याच्यावर हात फिरवतो. आमच्यात रीत हाय."

सासरे ओट्यावर पाठ फिरवून बसले होते. "माझं काय काम?" ते म्हणाले.

"मंग घरधनी कोन, मी?"

सासरे नाइलाजाने आले आणि गाडीवर कसाबसा हात टेकवला. काकांनी दार उघडलं, थोरल्या भावाला खांद्याला धरून आत बसवलं आणि मंगेशला डोळ्यांनी खुणावलं. गाडी हळूच अंगणाबाहेर पडली. फाट्यापर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं लागतात. अर्धा तास झाला. डॉक्टरांचा दुसरा चहा संपला. आयुष्यभर लोकांचे अंदाज चुकीचे ठरवणारा तो माणूस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "जावईबापू, बोलले असतील ना?"

गाडी परतली, गतिरोधकावरून तिरपी, सांभाळून उतरली. सासऱ्यांना काही केल्या आतून उठता येईना. मंगेशने दोन्ही हात धरून त्यांना ओढून काढलं. "केवढी खाली हाय रे ही," सासरे म्हणाले. "गुडघे गेले माझे, मंग्या." दोन वर्षांत त्यांनी मंग्या म्हटलं नव्हतं. सासूबाई लगबगीने आत निघून गेल्या.

डॉक्टर गाडी घेऊन गेले. ती पिवळी पाठ वळणाआड गेली तरी सासऱ्यांनी मंगेशचा हात सोडला नव्हता. खरा भाव काय झाला ते विचारायचं म्हणून मी काकांजवळ गेलो. ते त्या दोघांकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी काही न विचारता त्यांच्या शेजारी उभा राहिलो.