ड्रायव्हरमामांचे पाय

ड्रायव्हरमामा तासभर वज्रासनात बसायचे आणि उठताना मारुतीच्या देवळाच्या ओट्याला हातही टेकवायचे नाहीत. आम्ही ताडकळसची दहा-बारा साखरेच्या आजाराची माणसं दहा मिनिटांतच कण्हायला लागायचो. मामा डोळे मिटूनच म्हणायचे, "पायाला मुंग्या येतेत तोवर तुमी कच्चेच. माजे पाय बगा, कायबी कळत न्हाई आता. साधना हाय ही."

एसटीतून रिटायर झाले त्याच वर्षी त्यांना शुगर निघाली. जन्मभर धाब्यावर जेवलेला माणूस, पण हट्टाला पेटला. कुठल्याशा शिबिरात आसनं शिकून आले आणि मारुतीच्या ओट्यावर रोज सकाळी फुकट वर्ग घेऊ लागले. भाषा मात्र स्टिअरिंगवरचीच. "श्वास सोडा क्लच सोडल्यावानी, हळू. झटका दिला की गाडी बंद!" ध्यानात कुणी चुळबुळलं की, "उतरायची घाई करू नका, ष्टॉप यायचाय आजून."

त्यांची साखर खरंच उतरली. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. उरलेली अर्धी मामांनी स्वतःच बंद केली आणि तपासणीला जाणंही सोडलं. "गाडी लय झ्याक चालायलीय, कशाला रोज बॉनेट उघडायचं?" सगळे हसले. मी शाळेतली बाई, चार बुकं शिकलेली, मीही हसले.

ध्यानाला ते मारुतीकडे तोंड करून बसायचे, त्यामुळे त्यांचे तळवे आम्हाला दिसायचे. एका सकाळी उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला दिसला. भोवती पू धरला होता.

"मामा, दुखत नाही का हो?"

"काटा? कुटं?" ते आधी चपापले, मग त्यांचा चेहरा फुलला. "बगा! काटा रुतला तरी ध्यान मोडलं न्हाई."

कुणीतरी वाकून त्यांच्या पाया पडलं. मला माझ्या डॉक्टरांनी साखरेनं पायाला येणारा बधिरपणा म्हणजे काय ते समजावलं होतं, रोज तळपाय बघायला सांगितलं होतं. तरी मीही हात जोडले. त्याची लाज अजून जात नाही.

जखम चिघळत गेली आणि महिन्याभरात नांदेडला त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. मी भेटायला गेले. मामा म्हणाले, "बाई, ती साधना नव्हती व्हय?" मी त्यांचं पांघरूण नीट केलं. निघताना त्यांनीच सांगितलं, "आसनं करा म्हनावं सगळ्यांला. पर गोळी सोडू नका. माज्यावानी शाना होऊ नका."

पुढं त्यांची नजरही गेली. मामींना मोतीबिंदू. म्हणून शाळेआधी मी जायचे, राहिलेला पाय कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, बोटांच्या फटी बघायचे.

"काय दिसायलंय?"

"काही नाही, मामा."

"नीट बगा."

आठ महिने हे चाललं. शेवटी मूत्रपिंडांनी दगा दिला. तिरडी बांधून माणसं खोळंबली होती, तरी मी तो पाय मांडीवर घेतला आणि नीट बघितला. एक ओरखडा नव्हता.