लाल रेघा
आज हमरापूरला भावाच्या गणपतींच्या कारखान्यात शिरलो, आणि ओल्या रंगाच्या वासाने मला रोह्याच्या कंपनीतली एक दुपार आठवली. प्लांटच्या नेटवर्कची रचना मांडलेली फाइल तपासायला मी एडिटरमध्ये चुका दाखवणारं नवं प्लगिन टाकलं, तर चार ओळींखाली लाल रेघा उमटल्या. फाइल करणाऱ्या, बाहेरच्या कंपनीतून आलेल्या पाहुण्या साहेबांनी माझा माउस घेतला, सेटिंगमध्ये जाऊन तपासणीच बंद केली आणि म्हणाले, "गेल्या रेघा. चढवा आता प्लांटवर." मी म्हटलं, "रेघा गेल्या, चुका हायत तिथंच. उद्या पंप बंद पडले तर सही माझी हाय." "काका, किती घाबरता!" ते हसले. माझं डोकंच फिरलं. "आमच्याकडं तडा गेलेली मूर्ती रंगवत नाय, बाजूला काढतात," असं सुनावून मी तपासणी परत चालू केली आणि सही नाकारली. संध्याकाळपर्यंत त्यांनी धुसफुसत चारही चुका सुधारल्या. वरिष्ठांना मात्र कळवलं, की काकांना प्लगिन नीट टाकता आलं नाही म्हणून उशीर झाला! आज भावाने एक मूर्ती उजेडाकडे धरली, तडा दिसताच बाजूला ठेवली, आणि मला त्या खोट्या निरोपाचा पुन्हा तितकाच संताप आला.