गेटवर ठेवलेले फोन

अनिता पेणच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. मिठागरावर राबणाऱ्या घरातली ही पहिली ऑफिसवाली. लग्नानंतर रोह्याहून रोज ये-जा करायची. तयार झालेलं सॉफ्टवेअर तिच्याकडे यायचं, ती चुका शोधायची आणि तिची सही झाली की ते बाहेर जायचं. महिन्यापूर्वी तिने रोह्यातल्या एका रसायन कारखान्याचं ॲप पास केलं होतं. वायुगळती झाली की प्रत्येक कामगाराच्या मोबाइलवर इशारा जाणार. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत चाचणी झाली, तेव्हा सगळे फोन वाजले होते.

तिचा नवरा प्रविण त्याच कारखान्यात टाक्या धुवायचा. एका रविवारी सकाळच्या पाळीला निघताना तो फोन विसरला. ती धावत मागे गेली.

"राहू दे गो," तो म्हणाला. "आत नेवच देत नाय. गेटवर ठेवायला लागतो."

तो गेला आणि अनिता हातातल्या फोनकडे बघत राहिली. इशारा वाजणार होता तो गेटवरच्या फळीवर, आतल्या माणसांना तो ऐकूच येणार नव्हता. तिने कंपनीच्या मालकीण पद्मजामॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी सही केली. मीच चुकले."

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तू तपासलंस ते बरोबरच होतं. मेसेज जातो. पण माणूस तेव्हा कुठे असेल, हे काम सुरू करतानाच विचारायला हवं होतं, आणि ते मी विचारलं नाही. तू आधी कारखान्यात जा."

रिक्षात तिला सारखा कसलातरी वास येत असल्याचा भास होत होता. गेटवर सुरक्षा अधिकारी साईराज भेटला, त्याला तिने फोनांचं सांगितलं. ॲप आल्यापासून गळतीचा इशारा देणारा जुना भोंगा बंदच होता.

"तुमची चाचणी पास झाली ना?" त्याने विचारलं.

"झाली, पण जेवणाच्या सुट्टीत, फोन हातात असताना. म्हणूनच भीती वाटते."

साईराजने फळीवरच्या फोनांकडे पाहिलं आणि तो भोंगा सुरू करायला आत गेला. भोंगा सुरू व्हायला तास लागला. घरी जाणं तिला जमेना. तीन वाजता प्रविण बाहेर आला. "तू हिकडं कशी?" त्याने विचारलं. तिने त्याचा डबा हातात घेतला आणि दोघं चालू लागली.

सोमवारी पद्मजामॅडमनी सगळ्यांना बसवलं. "तयार कामातल्या चुका पकडणं हे क्वालिटी कंट्रोल. ते अनिता चोख करते. चूक घडूच नये अशी कामाची पद्धत लावणं म्हणजे क्वालिटी ॲश्युरन्स. ते आपण करतच नव्हतो."

ॲपला शेडमधले भोंगे आणि लाल दिवे जोडले गेले. पुढचं काम एका दवाखान्याचं होतं. प्रोग्रॅमची एक ओळही लिहिण्याआधी अनिता दोन दिवस नर्सबायांबरोबर वॉर्डात उभी राहिली. वहीची सात पानं प्रश्नांनी भरली.