ठोकळ्याला ऐकू येणारा आवाज

लॅबमध्ये माणसं बोलतात कमी आणि वाट जास्त बघतात. वाट बघता बघता किस्से साचतात. नागपूरच्या आमच्या कॉलेजात सुधा मॅडम, प्रवीण आणि मी, तिघं एकाच प्रश्नामागे होतो. आवाजाच्या लहरींनी घर्षण कमी होतं का?

*

पहिला प्रयोग. उतरत्या लोखंडी पट्टीवर पितळी ठोकळा ठेवला. घर्षणामुळे तो जागचा हलेना. मॅडमनी पट्टीखालचं यंत्र सुरू केलं. माणसाला ऐकूच येणार नाही इतका बारीक आवाज. ठोकळा लोण्यावरून जावा तसा खाली आला!

प्रवीण कानात बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, मले तर काहीच ऐकू नाही आलं!"

"तुह्यासाठी लावलंच नव्हतं गा. त्याच्यासाठी लावलं होतं!"

*

लग्नसराई. खालच्या रस्त्यावर वरातीचा डीजे आला. काचा थरथरल्या आणि आमचं यंत्र बंद असतानाच ठोकळा सरकला. मॅडमनी प्रवीणला आवाज कमी करायला सांगण्यासाठी पाठवलं.

आवाज काही कमी होईना. खिडकीतून पाहिलं, तर आमचे प्रवीणसाहेब नवरदेवाच्या पुढे नाचून राहिले होते!

परत आल्यावर म्हणतो, "मॅडम, मी जागचा हलणार नव्हतो. पण आवाजच तसा होता!"

*

मध्ये काही दिवस ठोकळा रोज एकाच जागी अडकायला लागला. मी यंत्राचा जोर वाढवला, आणखी वाढवला. पट्टी तापली, ठोकळा ढिम्म! मॅडमनी जोर उतरवला, फक्त सूर थोडा बदलला. ठोकळा निघाला.

"सगळंच जोरानं नाही होत," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी घरी भावाशी जरा हळू बोललो. तो घाबरून म्हणाला, "तब्येत बरी आहे नं तुही?"

*

मॅडमच्या वडिलांना कंपवात. चालताना मध्येच पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. लेकीचं काम बघायला ते पारशिवनीहून आले आणि लॅबच्या दारातच थिजले. प्रवीणनं हात धरला, मी पाठीला आधार दिला. पाऊल उचलेना. त्यांचे डोळे भरले. "राहू दे वं पोरी, इथूनच पाहतो."

मॅडमनी आम्हाला बाजूला केलं. टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि स्वतःला लहानपणी शाळेत सोडताना वडील म्हणायचे ते गाणं हळूच म्हणायला लागल्या.

एक पाऊल पडलं. मग दुसरं. ते थेट खुर्चीपर्यंत आले!

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला, गाणं थांबलं. तसे ते ओरडले, "थांबली काहून वं? मले वापसबी जाचं हाय!"